गावभागातलं बंद घर विकायचंय, खोल्या सजवून दाखवल्यानं फरक पडतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीत, आईवडिलांचं दोन मजली घर, ऐंशीच्या दशकातलं विटांचं बांधकाम. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर, एक लहान खोली आणि न्हाणीघर. वर दोन खोल्या, संडास-बाथरूम आणि रस्त्याच्या बाजूला गॅलरी. वडील गेले, आई पुण्याला मुलाकडे राहायला गेली, घर दीड वर्ष बंद. जून ते ऑक्टोबर या काळात पंधरा-सोळा कुटुंबं बघून गेली, 'घरी बोलून कळवतो' म्हणाली आणि एकाचाही फोन आला नाही. एजंट म्हणतो किंमत उतरवा. मुलीनं होम स्टेजिंगचे, म्हणजे विकायचं घर सजवून दाखवण्याचे, व्हिडिओ बघितलेत, तिचं म्हणणं पडदे, उशा, कुंड्या आणून खोल्या सजवूया. काय करावं?

फरक पडतो. मात्र मुलीनं व्हिडिओत बघितलेल्या उशा आणि कुंड्या ही त्यातली अगदी शेवटची पायरी आहे. गावभागातल्या घरात बहुतेक वेळा तिथपर्यंत जायची वेळच येत नाही.

मी सांगली-मिरजेत २२ वर्षं हे काम करतेय. आधी इंटिरियरची कामं घ्यायचे, पुढे जुनी घरं डागडुजी करून विक्रीसाठी लावून द्यायला लागले. घर बघायला येणारा माणूस मनात एक प्रश्न घेऊन येतो आणि तो तोंडानं विचारत नाही. त्याचं उत्तर त्याला खोलीत दिसलं तर तो दुसऱ्यांदा येतो, नाही दिसलं तर 'घरी बोलून कळवतो'. विश्रामबागेत तो प्रश्न बहुतेकदा गाडी कुठे लावायची हा असतो. मिरजेत दवाखान्यांच्या बाजूला खाली क्लिनिक आणि वर बिऱ्हाड जमेल का, हा असतो. गावभागात वर्षानुवर्षं एकच प्रश्न आहे: पुराचं पाणी कुठपर्यंत येतं?

आता तुम्ही काय केलंत बघा. ऐन पावसाळ्यात घर दाखवलंत. भिंतींना ओल, दारं फुगून चौकटीला घासतायत, आणि येणाऱ्याच्या मोबाईलवर आयर्विन पुलाचे फूट, म्हणजे त्या पुलापाशी मोजलेली कृष्णेची पातळी. त्याला तुम्ही किंवा एजंटनं आधी खालची बैठक दाखवली असणार, तिथे सोफा, शोकेस, मागे वडिलांचा हार घातलेला फोटो. तो माणूस सोफ्याकडे बघतच नव्हता. तो सोफ्यामागच्या भिंतीचा रंग कुठल्या उंचीवर बदलतो ते बघत होता. सांगलीचा माणूस आहे, त्याला ती रेघ शोधायला शिकवावं लागत नाही.

म्हणून पहिलं काम: पुराचा विषय तुम्हीच काढा. २००५, २०१९, २०२१ या तीन वर्षांत तुमच्या घरात पाणी किती आलं, ते आईंना विचारून कागदावर लिहा. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागातल्या जुन्या माणसाला आयर्विनला किती फूट झाले की आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं, हे तोंडपाठ असतं. तुमच्या आईंनाही असेल. तो एक आकडा घेणाऱ्याला सांगितलात तर तो तुमच्या बाकीच्या दहा गोष्टींवर विश्वास ठेवतो. माझ्या एका गिऱ्हाइकानं जिन्याच्या भिंतीवर २०१९ ची रेघ मुद्दाम ठेवली होती, शेजारी छोट्या अक्षरांत वर्ष लिहिलेलं. एजंट कपाळाला हात लावून बसला. पण बघायला आलेला प्रत्येक जण त्या रेघेपाशी थांबायचा, मग वर बघायचा आणि मोजायचा: वरच्या मजल्याला अजून किती पायऱ्या उरल्या? वरच्या मजल्याला पाणी लागलं नाही, हे सांगायला दुसरं काही लागलंच नाही.

इथूनच खोल्या कशा लावायच्या ते ठरतं. तुमचं घर खाली राहायचं आणि वर झोपायचं अशा रीतीनं लावलंय, कारण तुमच्या वडिलांनी बांधलं तेव्हा तशीच पद्धत होती. ते उलटं करून दाखवा. खालचा मजला असा दिसला पाहिजे की पाणी आलंच तर तासा-दोन तासांत रिकामा करता येईल, आणि वरचा असा की पाणी असतानाही चूल पेटेल.

खालची बैठक जवळजवळ रिकामी करा. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला न टेकणारं एखादं बाक, बस. घेणारा गणपती पेठेतला किंवा मारुती रोडचा व्यापारी असला तर त्याला तिथे आपलं ऑफिस दिसतं, क्लास घेणाऱ्या बाईला क्लास दिसतो. तोंडानं काही सुचवू नका. बाजूच्या लहान खोलीत दोन दुचाकी उभ्या राहतात का ते खरंच लावून बघा. राहत असतील तर एक स्कूटर तिथेच ठेवा. अरुंद बोळात गाडी आत घेता येते, हे घर विकणाऱ्याला कधी सांगावंसंच वाटत नाही, आणि घेणाऱ्याच्या सुनेला तेवढंच हवं असतं.

वरची मागची खोली स्वयंपाकघर म्हणून लावा. ओटा बांधायची गरज नाही. प्लंबर बोलावून बाथरूमच्या लाइनवरून एक नळ आणि सांडपाण्याची एक पाइप तेवढी त्या खोलीत काढून घ्या, भिंतीला लागून ओट्याच्या उंचीचं, म्हणजे पावणेतीन फुटांच्या आसपासचं टेबल ठेवा, वर गॅसची शेगडी, बाजूला पाण्याचं पिंप. बघायला आलेल्यांतली सगळ्यात वयस्कर बाई त्या नळाची चावी सोडून बघेल, पाणी आलं की तिचा चेहरा बघा. हा खर्च थोडा आहे, आणि माझ्या मते तुमच्या घरात करण्याजोगा सगळ्यात चांगला खर्च हाच. विजेचा मीटर आणि मेन बोर्ड अजून खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर असेल तर तोही वर घेऊन टाका. २०१९ नंतर अनेकांनी घेतले. ज्यांनी घेतले नाहीत त्यांच्याकडे येणारा मिस्त्री आधी तिकडेच बोट दाखवतो. आणि मिस्त्री येतोच. आपल्याकडे घर बघायला नुसते नवरा-बायको येत नाहीत. आई, मेहुणा, एखादा माहितीतला मिस्त्री, कधी वास्तूवाला, अशी जीप भरून माणसं येतात. त्या व्हिडिओंमधला सल्ला जोडप्याला भुरळ घालायचा असतो, आपल्याला मेहुण्याचं समाधान करायचं असतं.

आता ओलीबद्दल. इथे मी एकदा चांगलीच चुकले, म्हणून सविस्तर सांगते.

सात-आठ वर्षांपूर्वी असंच एक तळमजल्याचं घर माझ्याकडे आलं. भिंतींना तीन फुटांपर्यंत लोणा लागलेला, पोपडे सुटलेले. मालकाला घाई होती, मला हौस. मी पीव्हीसीचे पॅनेल आणले, लाकडी रंगाचे, आणि चार फुटांपर्यंत सगळी बैठक मढवून काढली. वर क्रीम रंग, पिवळे दिवे. फोटो इतके छान आले की मी ते माझ्या दुकानात लावले. पहिल्याच रविवारी तासगावकडचं एक कुटुंब आलं. सगळ्यांना आवडलं. निघताना त्यांच्यातल्या आजी मागे राहिल्या, पॅनेलवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं, मग नाक भिंतीजवळ नेलं आणि मला म्हणाल्या, "आत काय दडवलंयस गं पोरी?" मी काहीतरी डिझाइनचं बोलले. त्या काही बोलल्या नाहीत, पदर सावरून चपला घालायला गेल्या. ते घर पुढे बराच काळ तसंच पडून राहिलं. शेवटी पॅनेल काढले तेव्हा मागे पांढरी बुरशी कापसासारखी वाढली होती, आधी होती त्याच्या दुप्पट. भिंतीला श्वास घ्यायला जागाच मी ठेवली नव्हती.

ओल का चढते ते समजलं की उपाय समजतो. जुन्या विटांच्या भिंतीत जमिनीतलं पाणी वातीत तेल चढावं तसं वर चढतं, साधारण तीन फुटांपर्यंत. येताना मातीतले क्षार घेऊन येतं. पाणी भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जातं, क्षार तिथेच राहतात, त्यांचे खडे बनतात आणि ते आतून रंगाला ढकलतात. पोपडे सुटतात ते त्यामुळे. पूर आलेल्या घरात हे क्षार भरपूर असतात. वरून प्लास्टिक पेंट मारला की पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही, ते आणखी वर चढतं आणि पुढच्या पावसाळ्यात फोड चार फुटांवर दिसतात. तुमच्या एजंटनं 'एक हात रंग मारून घ्या' असं सांगितलं असेल तर कृपया ऐकू नका.

करायचं असं: ओलीची जिथे सीमा दिसते त्याच्या वर फूटभरापर्यंतचं प्लास्टर फोडून काढा. विटांच्या सांध्यांमधला भुसभुशीत माल खरवडून काढा. विटांवर पांढरा थर दिसेल, तो कोरड्या ब्रशनं झाडा. धुऊ नका, पाण्यानं क्षार परत विटेत जातात. आणि मग तशीच उघडी ठेवा, निदान सहा-आठ आठवडे. म्हणूनच मी म्हणते की आत्ता नोव्हेंबरात सुरुवात करा, थंडीची कोरडी हवा भिंतीला फार चांगली, आणि फुकट मिळते. फेब्रुवारीत परत प्लास्टर. चुन्याचं काम येणारा मिस्त्री मिळाला तर उत्तम, आता असे फार राहिले नाहीत. नसेल तर सिमेंट-वाळूचाच माल, पण सिमेंट कमी, एकास सहा. मिस्त्री 'ताई, पक्कं करतो' म्हणत एकास तीन कालवेल, त्याला थांबवा. त्यावर पुट्टी नको. साधा डिस्टेंपर किंवा चुना. दिसायला थोडं साधं दिसतं, चालतं. घेणाऱ्याला सांगा की भिंत मुद्दाम श्वास घेणारी ठेवलीय, आणि फोडलेल्या भिंतीचे मोबाईलवर काढलेले फोटो दाखवा. आजीबाईंचा प्रश्न परत यायला नको.

जमीन बघायला विसरू नका. त्या काळातल्या घरात खाली मोझॅक किंवा शहाबादी असणार. मोझॅक असेल तर नशीबवान आहात. मशीन पॉलिश करून घ्या, दोन दिवसांचं काम आहे, आणि पॉलिशनंतरच्या त्या ठिपक्यांवर पुण्याची मंडळी हल्ली जीव टाकतात. शहाबादी आणि कडप्प्यावर मात्र ॲसिड टाकू नका. हे दगड चुनखडीचे, ॲसिडनं त्यांची कातडीच निघते आणि फरशी कायमची पांढुरकी, खरखरीत होते. बोअरच्या पाण्याचे नळावर बसलेले पांढरे थर लिंबूसत्त्वानं निघतात, फडकं भिजवून नळाला तासभर गुंडाळून ठेवायचं, ते पाणी ओट्यावर सांडू द्यायचं नाही.

बंद घराचा वास हा वेगळाच विषय आहे. तुम्ही पुण्याहून येऊन कुलूप काढता, पाच मिनिटांत नाक सरावतं आणि तुम्हाला वास येणं बंद होतं. येणाऱ्याला पहिल्या पावलाला येतो. बहुतेक लोक उदबत्ती लावतात, मग ओल अधिक मोगरा असा तिसराच वास तयार होतो, आणि कपाटातल्या डांबर गोळ्यांचा चौथा. दीड वर्ष बंद घरातल्या वासाचं निम्मं कारण बाथरूममध्ये असतं. फरशीतल्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. घर बंद राहिलं की ते पाणी उडून जातं आणि गटाराला घरात यायला सरळ रस्ता मिळतो. दर आठवड्याला प्रत्येक जाळीत, सिंकमध्ये आणि कमोडमध्ये एकेक बादली पाणी ओतायला सांगा. इतकंच. मी या एका बादलीवर लोकांची फी घेतलीय, आता फुकट सांगतेय. बाकी गाद्या, जुन्या रजया, कापसाच्या उशा घराबाहेर काढा. त्यांनी पुराचा आणि पावसाचा वास धरून ठेवलेला असतो, ऊन दाखवून तो जात नाही.

सामान कमी करणं सगळ्यात अवघड, कारण ते तुमच्या आईंचं आहे. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी, शिलाई मशीन, दोन लोखंडी कपाटं, दिवाण, शोकेसमधल्या बाहुल्या आणि ढाली. आईंना एकदा घरी आणा, दोन दिवस राहू द्या, त्यांच्या हातानं वाटू द्या. घाई करून टेम्पोत भरलंत तर पुढे प्रत्येक सणाला एखाद्या पातेल्यावरून ऐकावं लागेल. माळा मात्र रिकामाच करा. भरलेला माळा बघून घेणाऱ्याला वाटतं या घरात जागा पुरत नाही, रिकामा माळा बघून वाटतं इथे सामान मावेल.

वडिलांचा हार घातलेला फोटो काढून घ्या. लिहायला मला बरं वाटत नाही, पण येणारी माणसं आल्याआल्या गप्प होतात, आवाज खाली करतात, आणि मग कुठल्याही खोलीत मोकळेपणानं फिरत नाहीत. फोटो पुण्याला आईंजवळ असू दे. देवघर मात्र रिकामं ठेवू नका असं बरेच लोक मला सांगतात, माझं मत थोडं वेगळं आहे. देव आईंबरोबर गेले असतील तर रिकामा कोनाडा नीट पुसून, आत पांढरा रंग देऊन सोडून द्या. काजळी आणि तेलाचा डाग तेवढा काढा. घेणारा स्वतःचे देव तिथे मनातल्या मनात बसवतो. देव अजून तिथेच असतील तर रोज दिवा लागेल अशी सोय करा. धूळ बसलेला देव्हारा बघून सासूबाई लोक नाराज होतात आणि ती नाराजी घराच्या खात्यावर पडते.

वरची झोपायची खोली अगदी रिकामी दाखवू नका. अंदाज यायला नजरेला काहीतरी माप लागतं, नसेल तर खोली आहे त्याहून लहान भासते. १० बाय ११ ची खोली असेल तर एकच डबल बेड, सहा बाय साडेसहा, डोक्याची बाजू अकरा फुटांच्या टोकाला. पायाकडे दोन फूट खोल कपाट. मध्ये अडीच फूट उरतात, तेवढ्यात कपाटाचं दार उघडतं आणि माणूसही जातो. हे त्यांना मोजून दाखवायची गरज नाही, मेहुणा स्वतः कपाटाचं दार उघडून बघतो. सध्या तिथे दोन लोखंडी कपाटं आणि दिवाण असेल, तर तीच खोली त्यांना गोदामासारखी वाटत असणार. बेडवर धुतलेली साधी सुती चादर, सोलापुरी असली तर छानच. उशा दोन. मुलीला सांगा, दोन.

गॅलरीत दोन खुर्च्या ठेवा. त्यापलीकडे काही नको.

उजेडाचं बघू. बोळातल्या घरात खिडकीतून आकाश थोडंच दिसतं, उजेड समोरच्या भिंतीवरून उलटून आत येतो. म्हणून तुमच्या मागच्या चौकाची आणि कंपाउंडची भिंत पांढरी करा, आतल्या भिंती रंगवण्याआधी. आत ऑफ व्हाइट, सगळीकडे एकच. कोणीतरी कधीतरी हौसेनं एक भिंत नारिंगी केलेली असते, ती आधी जाऊ दे. दिवे सगळे एका रंगाचे घ्या, ४००० केल्विनचे, दुकानात नॅचरल व्हाइट म्हणून मिळतात. एका खोलीत पिवळा, दुसऱ्या खोलीत ६५०० चा निळसर पांढरा असं असलं की घर तुकड्यातुकड्यांत दिसतं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार खोलीच्या मध्यापर्यंत येतं, ती खिडकी असलेली खोली डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाखवा. मार्चनंतर दुपारी दोन ते चार कोणाला बोलावू नका. सांगलीच्या उन्हात वरचा स्लॅब तापलेला असतो, त्यात उभं राहून कोणी घर घेत नाही.

फोटोंबद्दल एवढंच की वाइड लेन्स लावून दहा फुटांची खोली वीस फुटांची करू नका. फोटो बघून खूष झालेला माणूस दारात आल्यावर हिरमुसतो, आणि ते तोंडावर दिसतं. कोपऱ्यात उभं राहून छातीच्या उंचीवरून, खिडक्या उघड्या, दिवे लावून, मोबाईल आडवा धरून काढा. पहिला फोटो वरच्या गॅलरीचा टाका, बैठकीचा नको.

घर दाखवायच्या दिवशी कोणीतरी अर्धा तास आधी जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या पाहिजेत. पुण्याहून तुम्हाला प्रत्येक वेळी जमणार नाही. शेजारी चावी ठेवता त्या काकूंना सांगा, आणि हेही सांगा की त्यांनी आत यायचं नाही. शेजारीण प्रेमानं बोलता बोलता २०१९ च्या बोटींच्या गोष्टी सुरू करते. पुराचं तुम्ही सांगायचं, आकड्यात, एकदाच. संकष्टीच्या संध्याकाळी कोणाला बोलावू नका, गणपती मंदिराच्या गर्दीत गाडी लावायला अर्धा तास गेला की माणूस घर बघायच्या आधीच वैतागलेला असतो. तोच माणूस इतर दिवशी आला तर मंदिर पायी अंतरावर आहे ही त्याच्या आईसाठी घराची सगळ्यात मोठी खूण ठरते.

एक गोष्ट खोल्यांची नाही, पण तिच्यावाचून बाकीचं वाया जाईल. प्रॉपर्टी कार्डावर अजून वडिलांचंच नाव असेल तर वारस नोंदीचं काम आधी सुरू करा. मृत्युपत्र नसेल तर आई, तुम्ही आणि बहीण असल्यास तीही वारस आहे, विक्रीच्या वेळी तिची सही लागणार. मेहुणा हा प्रश्न पाचव्या मिनिटाला विचारतो. उत्तर 'चालू आहे' असं आलं की खोल्या कितीही नीट असू देत, तो बायकोला डोळ्यानं खुणावतो. कार्डाचा उतारा, घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या पावत्या, चालू लाइट बिल, आईंनी सांगितलेला पुराचा तो कागद, सगळं एका फाइलमध्ये खालच्या टेबलावर ठेवा.

खर्चाबद्दल माझा दंडक असा की ओलीचं काम आणि वरचा नळ सोडून बाकी सगळ्या सजावटीला विक्रीच्या किमतीच्या अर्ध्या टक्क्याच्या वर पैसे घालायचे नाहीत. मॉड्युलर किचन बसवू नका, घेणारा ते तोडणार आहे.

आणि किंमत. एजंट तीन महिन्यांत 'उतरवा' म्हणतो त्यात त्याचं चूक नाही, त्याच्याकडे तेवढंच हत्यार आहे. पण ओलीच्या भिंती आणि चुकीच्या रीतीनं लावलेलं घर पावसाळ्यात दाखवून आलेला नकार हा किमतीचा नकार आहे असं मी धरणार नाही. नोव्हेंबर ते जानेवारी भिंती, फेब्रुवारीत प्लास्टर आणि रंग, मार्चपासून दाखवायला सुरुवात, पाडवा आणि अक्षय्य तृतीया दोन्ही हाताशी येतात. तोपर्यंत आहे तीच किंमत सांगा. दहा-बारा कुटुंबं नीट लावलेलं घर बघून गेली आणि त्यातलं एकही दुसऱ्यांदा आलं नाही, तर मात्र एजंटचं ऐका.